शिगेचा हिशेब

पूर्वी बाजारात पायलीने धान्य मोजताना वाद हटकून व्हायचा तो शिगेवरून. पायली काठोकाठ की शीग लावून, यावर घेणारा आणि देणारा दोघेही डोळ्यांत तेल घालून बसत. किलोचे माप आले आणि तो वाद मिटला. महाराष्ट्रातल्या दगडखाणींतली खडी, मुरूम आणि नदीतली वाळू मात्र अजून ब्रासने मोजली जाते आणि तिच्या शिगेवरून वाद घालायला कोणी बसलेले नाही.

ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. म्हणजे हे माप आकारमानाचे. शासनाचे स्वामित्वधन त्यावर ठरते. २०२१ मध्ये ते ब्रासमागे ४०० वरून ६०० रुपये झाले. रस्त्याचा कायदा मात्र टनांत बोलतो. दहा चाकी टिप्परला २०१८ पासून मालासह २८.५ टनांची मुभा आहे. रिकामी गाडी अकरा टनांची धरली तर मालाला उरतात साडेसतरा टन. खडीचा ब्रास साधारण साडेचार टन भरतो. म्हणजे पुरते चार ब्रासही कायद्यात बसत नाहीत. हौद्यात मात्र पाचच्या आसपास मावतात, वर शीग वेगळी. पावसात मुरूम भिजला की तोच ब्रास आणखी जड होतो. तहसील कार्यालय ब्रास पाहते, आरटीओ टन पाहतो. दोघांचे आकडे एकमेकांशी ताडून कोण पाहणार?

उसाच्या काट्यावर काटा मारला की शेतकरी संघटना रस्त्यावर उतरतात, कारण तेथे तोटा होणारा माणूस काट्याजवळ उभा असतो. खाणीवर तसे नाही. खाणवाल्याचे स्वामित्वधन वाचते, ठेकेदाराला माल स्वस्त पडतो, गाडीमालकाची खेप वाचते. पासवर कमी लिहिणे सर्वांच्याच सोयीचे. तोटा होतो तो शासनाच्या तिजोरीचा आणि खाणीच्या वाटेवरच्या गावांचा. आणि ही मंडळी गाडी भरताना तेथे नसतात.

गावांचा तोटा किती, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध चाचण्यांतून असे दिसले, की आसावरील भार वाढतो त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्ता झिजतो. या हिशेबाने वीस टक्के जादा भार म्हणजे झीज दुप्पट. पाच ब्रास भरलेला तो टिप्पर जवळपास एवढेच करतो. एका ब्रासवर बुडालेले ६०० रुपये दिसतात तरी. उखडलेला रस्ता, ब्रेक न लागलेली उताराची गाडी हे कोणाच्या खात्यात लिहायचे?

मोठ्या खाणींनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे. तेथील डंपरांत चाकांवरच्या आधारनळ्यांतील दाब मोजून वजन दाखवणारी यंत्रे असतात. शेवटचे बकेट टाकण्यापूर्वीच भरणाऱ्याला आकडा कळतो. दहा टक्क्यांहून अधिक खेपा ठरलेल्या भाराच्या ११० टक्क्यांवर जाऊ नयेत आणि १२० टक्क्यांवर एकही जाऊ नये, असा तेथे रूढ दंडक आहे. लहान खाणीला एवढे नको. फाटकावरचा वजनकाटा पुरे. मात्र रिकामी गाडीही दर खेपेला तोलली पाहिजे. हौद्याला चिकटलेला ओला मुरूम आणि टाकीतले डिझेल रिकामे वजन बदलतात. वर्षापूर्वीचा आकडा लावला की हिशेब चुकलाच.

काट्याचा खर्च परवडत नाही, ही लहान खाणवाल्यांची तक्रार खोटी नाही. पण जवळजवळच्या पाच-सहा खाणींना मिळून एक काटा ठेवता येतो. वाहतूक पास आज संगणकावर निघतात, गाड्यांना जीपीएस लावण्याचा नियमही आला. गाडी कोठे गेली ते कळते. तिच्यात किती होते ते कळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे, पण तो रस्त्यावर अडवलेल्या गाडीला. गाडी जेथे भरली गेली, तेथे कोण विचारतो?

म्हणून मागणी साधी आहे. स्वामित्वधन टनांवर आकारा, काट्यावरचा आकडा माणसाचा हात न लागता पासवर उतरू द्या, काट्याची पडताळणी वैधमापन खात्याने वेळेवर करावी आणि रोजची वजने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. माल जमिनीतला, म्हणजे सगळ्यांचा. त्याचे वजन सगळ्यांना कळण्यात कोणाला अडचण असावी?