‘शंभर टक्के मुलांना’ या घोषणेचा हिशेब

मुलांच्या संस्थेला दिलेल्या रुपयातली पै न् पै मुलावरच खर्च झाली पाहिजे, या वाक्याला सभेत कोणीही मान डोलावतो. मला या वाक्याचा संताप येतो. ते चुकीचं आहे, आणि ऐकायला गोड लागतं म्हणून जास्त नुकसान करतं.

निमित्त ताजं आहे. पेण, वडखळ, नागोठणे, रोहा या पट्ट्यातल्या संस्थांचे हिशेब 31 मार्चला बंद होतात, पावसाळ्यात लेखापरीक्षण होतं आणि गणपती-दिवाळीच्या सुमारास वार्षिक अहवाल देणगीदारांच्या हाती पडतो. असा एक अहवाल वाचून धरमतर परिसरातल्या एका वजनदार गृहस्थांनी आधी सभेत आवाज चढवला आणि मग पत्रक छापून घरोघर वाटलं. त्यांचं म्हणणं असं: संस्थेचा मोठा खर्च पगारावर होतो, म्हणजे मुलांच्या नावावर मोठी माणसं पोसली जातात. चांगल्या कामाला पैसे मागत फिरावं लागत नाही. बँकेत ठेवी असलेली संस्था गरजू नव्हे. पैशांपेक्षा वस्तू द्याव्यात. सरकारी आश्रमशाळा आहेतच. आणि शेवटी नेहमीचं पालुपद: जुनी माणसं पगार घेत नव्हती. गृहस्थांचं नाव मी घेत नाही. हे मत आता त्यांच्या एकट्याचं राहिलेलं नाही, म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

खरा वाद पगाराचा आहे.

पेण-रोह्याच्या डोंगरउतारांवरच्या कातकरी वाड्या पाहा. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदवल्या, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. दिवाळी झाली की घेतलेली उचल फेडायला कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं अर्थातच बरोबर जातात. जूनमध्ये पटावर असलेलं मूल डिसेंबरात कोणत्या भट्टीवर आहे, याचा पत्ता शाळेला नसतो. तो शोधायला माणूस लागतो. आईबापांना समजावून मुलाला आजीकडे किंवा वसतिगृहात ठेवायला माणूस लागतो. भट्टीवरच वर्ग भरवायचा तर मालकाचं मन वळवायला आणि पोरांना रोज गोळा करायला माणूस लागतो. या कामांत दप्तर वाटलं जात नाही, खाऊ वाटला जात नाही, फोटो काढण्यासारखं काही घडत नाही. पत्रकाच्या हिशेबात हा सगळा वायफळ खर्च.

आता कागदांचं बघा. अनुसूचित जमातीचा दाखला काढायला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या कित्येक वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत, ज्यांच्या आजोबाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यांनी तो आणायचा कुठून? जुन्या शाळेचं दाखल रजिस्टर धुंडाळावं लागतं, चुलत्याचा दाखला मिळतो का पाहावं लागतं, तलाठ्याकडे, तहसीलला, प्रांताकडे आणि पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात खेटे घालावे लागतात. मुलाची जन्मनोंद वर्षभरात झाली नसेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. ज्या बापाचा रोज बुडला तर चूल पेटत नाही, तो हे खेटे घालू शकत नाही. त्याच्या वतीने संस्थेचा कार्यकर्ता घालतो. त्याचा पगार, एसटीचं भाडं, झेरॉक्सचे पैसे हेच त्या मुलाला मिळालेलं देणं आहे. एकदा दाखला हातात आला की शिष्यवृत्तीपासून वसतिगृहापर्यंतची दारं उघडतात. वह्यांचे गठ्ठे वाटून यातलं एकही दार उघडत नाही.

पत्रककर्त्यांना नफातोट्याचीच भाषा कळत असेल तर तीही ऐकावी. राज्याच्या बालसंगोपन योजनेत अनाथ किंवा एकच पालक उरलेल्या मुलासाठी 2023 पासून दरमहा 2250 रुपयांचं अनुदान ठरलेलं आहे. ते आपोआप घरी येत नाही. अर्ज, मृत्यूचा दाखला, बँकखातं, गृहभेटीचा अहवाल, बालकल्याण समितीचा आदेश अशी माळ पुरी करावी लागते. नवरा गमावलेली, सही न येणारी बाई हे एकटीने कसं करणार? एक चांगला कार्यकर्ता वर्षभरात जितक्या घरांची ही प्रकरणं मार्गी लावतो, तितक्या घरांत महिन्याच्या महिन्याला सरकारी पैसा पोचतो. त्या कार्यकर्त्याचा पगार वाचवून तेवढ्याच रकमेची बिस्किटं वाटली, तर पत्रकाच्या गणिताने ती संस्था आदर्श ठरेल. ज्या गणितात हे उत्तर येतं ते गणितच फेकून दिलं पाहिजे.

निवासी संस्थांत तर पगार आणि सेवा यांच्यात रेघ ओढताच येत नाही. हर्मन ग्माइनर यांनी 1949 साली ऑस्ट्रियातल्या इम्स्टमध्ये पहिलं बालग्राम उभं केलं, तेव्हा त्यांची मूळ कल्पनाच ही होती की प्रत्येक घरात थोडी मुलं आणि त्यांच्यासोबत कायम राहणारी एक आई असावी. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यात सोगावला त्याच परंपरेतलं बालग्राम आहे. या पद्धतीत आईला वेतन असतं, रजा असते. असायलाच हवी. घर सोडून आलेलं मूल रात्री दचकून उठतं तेव्हा त्याला सतरंजी नको असते, ओळखीचं माणूस हवं असतं, आणि तेच माणूस पुढच्या वर्षीही हवं असतं. कमी पगारात माणूस टिकत नाही. दर सहा महिन्यांनी ताई बदलणाऱ्या संस्थेतलं मूल पुन्हा पुन्हा पोरकं होतं. हा तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून पत्रकातही दिसला नाही.

राहिला टक्केवारीचा प्रश्न. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या नवव्या अनुसूचीत जमाखर्चाचा नमुना आहे. त्यात आस्थापना खर्च वेगळा आणि संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च वेगळा मांडायचा असतो. एखादी संस्था बालवाडीच्या शिक्षिकेचा पगार शैक्षणिक उद्दिष्टाखाली दाखवते, दुसरी तोच पगार आस्थापनेत टाकते. काम एकच, बाई एकच, पण एक संस्था काटकसरी ठरते आणि दुसरी उधळी. या भेदावर माणसांची इज्जत काढायची?

गृहस्थांनी सभेत ‘पाच टक्क्यांच्या कायद्या’चाही दाखला दिला. तो कायदा त्यांनी वाचलेला दिसत नाही. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 खालच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या मर्यादेतून वगळलेला आहे. म्हणजे वाडीवर जाणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार हेच काम आहे, हे कायद्यालाही कळतं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात मात्र 2020 साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली गेली. उद्या त्याचाच दाखला दिला जाईल. कायद्यात आहे म्हणून ते शहाणपणाचं आहे, असं मानायला मी तयार नाही.

खाडीकाठच्या खारेपाटातल्या माणसाला पगाराच्या खर्चाचं मोल समजावून सांगायला लागू नये. खाडीच्या बांधात भात पिकत नाही, तरी त्याच्या मातीचा आणि मजुरीचा खर्च कोणी फुकट गेला म्हणत नाही. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की अख्खं शेत खारं होतं, हे इथलं पोरही जाणतं.

‘जुनी माणसं पगार घेत नव्हती’ हे तर इतिहासालाच धरून नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य दरमहा 75 रुपये वेतन घेऊन फर्ग्युसनमध्ये शिकवत. महर्षी कर्वे त्यांच्यातलेच एक. त्या वेतनाचा आधार होता म्हणून 1896 साली काढलेल्या अनाथ बालिकाश्रमाला ते स्वतःला वाहून घेऊ शकले. त्याग त्यांनी केला, पण पोटाची सोय ठरलेली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रही विकलं, ही गोष्ट पत्रकात डोळे पाणावतील अशी सांगितली आहे. माझेही पाणावतात. पण त्या माउलीवर ती वेळ आली, कारण मुलांना जेवू घालण्याइतका पैसा समाजाने वेळेवर दिला नव्हता. तिचं मंगळसूत्र ही आपल्या समाजाची थकबाकी आहे. ती थकबाकी आदर्श म्हणून आजच्या कार्यकर्तीच्या गळ्यात मारणं हा निर्दयपणा आहे.

पेण तालुका म्हटला की विनोबा भावेही येतातच. 11 सप्टेंबर 1895 ला ते गागोद्याला जन्मले, आणि 1956 साली त्यांच्या प्रेरणेने भूदान कार्यकर्त्यांनी निधिमुक्ती स्वीकारली, हे दोन्ही खरं. म्हणून इथल्या संस्थांनी निधी जमवू नये, असा निष्कर्ष पत्रकाने काढला. विनोबांनी निधी सोडला तो चळवळीचा. चळवळीतला प्रौढ कार्यकर्ता एक दिवस उपाशी राहू शकतो. सहा वर्षांच्या मुलीने चळवळीची शपथ घेतलेली नसते. शिवाय त्याच विनोबांनी सर्वोदय पात्र सांगितलं: घरातल्या लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं. रोज, घरोघर, न चुकता. यापेक्षा शिस्तीचं देणगीसंकलन दुसरं कोणतं?

देणगी मागण्यावर खर्च होतोच. पावतीपुस्तकं छापावी लागतात, आणि 80जी ची सवलत घेणाऱ्या देणगीदारांची यादी 2021-22 पासून आयकर खात्याला कळवून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यावं लागतं. हे करायला लेखनिक लागतो. गृहस्थांच्या पेढीवरचा मुनीम फुकट राबतो का?

ठेवींबद्दल. 2020 साली टाळेबंदीने देणग्या आटल्या होत्या आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, घरांची आणि शाळांची छपरं उडाली. अशा वेळी ज्यांच्याकडे गंगाजळी असते, त्यांच्या मुलांच्या डोक्यावर लवकर पत्रा येतो. ठेव कुठे ठेवली, हे मात्र जरूर विचारावं. 2010 साली इथल्याच एका सहकारी बँकेत लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या. ती जखम पेणकरांना नव्याने सांगायला नको. विश्वस्तांच्या निष्काळजीपणावर कोरडे ओढा. शिलकीवर ओढू नका.

वस्तूंबद्दल: इर्शाळवाडीच्या दरडीसारखी आपत्ती आली की संस्थांच्या पडवीत वापरलेल्या कपड्यांचे ढीग साचतात, आणि ते निवडायला पुन्हा माणसंच लागतात. आश्रमशाळांबद्दल: भट्टीवर गेलेलं मूल आश्रमशाळेत नसतं. आणि देणगीदाराला मुलाचा फोटो हवा, या नेहमीच्या मागणीबद्दल: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ची मनाई आहे, त्याला शिक्षाही आहे.

एक जुना वादही यानिमित्ताने पुन्हा उकरला गेला. डोळवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचं पेट्रोकेमिकल संकुल, धाटावची रासायनिक वसाहत यांनी वेढलेल्या या भागात कारखान्यांचा पैसा घेणारी संस्था विकली गेली, असं म्हणणारा एक गट आहे. 21 सप्टेंबर 2008 ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांनी विशेष आर्थिक क्षेत्रावर (सेझ) मतदान केलं, तेव्हापासून हे भांडण धुमसतं आहे. मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो: पैसा घ्यावा, पण लेखी अटींवर. मुलांच्या प्रवेशात दात्याचा शब्द चालणार नाही, मुलांचं प्रदर्शन होणार नाही आणि ती रक्कम अहवालात वेगळी छापली जाईल. या तीन अटी ज्याला मान्य नाहीत, त्याचा पैसा परत करावा. यात विकलं जाण्यासारखं काय आहे, ते या गटाने अजून सांगितलेलं नाही.

मग देणगीदाराने डोळे मिटून द्यायचं का? मुळीच नाही. हिशेब कडक तपासा, पण योग्य ओळीवर बोट ठेवून. जमाखर्चाच्या नमुन्यात विश्वस्तांच्या मानधनाची ओळ स्वतंत्र असते, ती आधी वाचा. विश्वस्तांच्या नातेवाइकांकडून खरेदी होते का, ते विचारा. गेल्या वर्षी पटावर असलेली किती मुलं यंदा शाळेत आहेत आणि गळालेल्यांचं काय झालं, याचं उत्तर मागा. किती कार्यकर्ते पाच वर्षांपेक्षा जास्त टिकले, ते विचारा. संस्थांनीही आपला जमाखर्च साध्या मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवावा, आणि पगाराचा आकडा लपवू नये. तो अभिमानाने सांगावा. एवढं झालं तरी निम्मी कुजबुज थांबेल.

देणाऱ्यांना माझी विनंती एकच. पुढची देणगी द्याल तेव्हा पावतीवर ‘फक्त मुलांसाठी’ असं लिहू नका. ‘कार्यकर्त्यांच्या पगारासाठी, तीन वर्षं’ असं लिहा आणि तीन वर्षं न चुकता द्या. वाडीवरच्या मुलांना सगळ्यात आधी मिळायला हवं ते हेच.