शहरात नेलेले वडीलधारे



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आज विषय निराळा आहे. आपल्याकडची कितीतरी मुले नोकरीसाठी ठाणे, कल्याण, डोंबिवलीला स्थायिक झाली. गावी आई किंवा वडील एकटे उरले की मुलगा त्यांना ब्लॉकवर घेऊन जातो. हेतू चांगलाच. पण पहिल्या वर्षी ऊसबिल कधी निघणार म्हणून फोन करणारे आबा दुसऱ्या वर्षी विचारायचेच सोडतात, आणि घरचे म्हणतात, "आता निवांत झालेत." हा निवांतपणा तपासून घ्यावा, असे आमचे मत आहे.

म्हातारपणीचे नैराश्य रडून दाखवत नाही. भूक मंदावते, पहाटे तीनलाच जाग येते, अंग दुखते, कशात मन लागत नाही. दोन आठवडे असे चालले तर डॉक्टरला दाखवावे. २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे आठ जणांत ही लक्षणे आढळली. डॉक्टरी निदान झालेला मात्र शंभरांत एकही धड भरत नव्हता.

जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रातल्या जाणत्यांनी लहान मुलांचा अभ्यास केला. हाकेला ओ मिळालेले मूल माणसांवर विसंबते. न मिळालेले एक तर सारखे चिकटून राहते, नाही तर मागणेच सोडते. ही ठेवण पुढे मोठ्या माणसांतही दिसली. आपल्यात शेवटच्या तऱ्हेची माणसे फार! पोरवयात औत हाती आले, "मला काही नको" म्हणण्यात जन्म गेला. सुनेने दहादा विचारले तरी उत्तर "नको"च. घर भरलेले, पण आधार त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

अशांना मदत देऊ नये, काम द्यावे. भाजी आणू द्या, नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोचवू द्या. डोंबिवलीत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, ठाण्यात तलावपाळी आहे. पण नुसता पत्ता सांगून ते जाणार नाहीत. पहिले चार दिवस मुलाने बरोबर जावे. जे सारखे चिकटतात, दिवसातून सहा फोन करतात, त्यांच्यावर खेकसण्यापेक्षा फोनची एक वेळ ठरवावी आणि ती चुकवू नये. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे. सरकारचा टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो.

उसाचे रोपसुद्धा शेडनेटमधून काढून आपण थेट सरीत लावत नाही, आधी उन्हाची सवय करतो. तेव्हा एकदम बिऱ्हाड हलवू नका. दोन महिने तिकडे, लागणीला इकडे, असे वर्षभर चालू द्या. शेअर आणि सातबारा नावावर करून घेण्याचीही घाई नको. काहींना राग येईल, तरी लिहितो. आणि उसाची नोंद द्यायला मुलाने एकट्याने येऊ नये, आबांना गाडीत घालून आणावे. नोंद त्यांनीच सांगावी. गट ऑफिसात खुर्ची आहे, चहाही मिळेल.