गादी घेताना मोजून पाहा

होटगीहून घरची मंडळी सोलापूरला गादी घ्यायला निघाली, तर तुम्हीही सोबत जा. आजोबांच्या कंबरेचा प्रश्न आहे, आणि पैशांचाही.

‘पाठीला कठीणच बरे’ ही समजूत तपासून पाहू. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ५० किलोग्रॅमच्या माणसाचे वजन सुमारे ४९० न्यूटन. फरशीवर ते खांदे, नितंब, टाचा अशा थोड्याच जागी पेलले जाते. तेथे दाब वाढतो. फार मऊ गादीत क्षेत्रफळ वाढते, पण कंबर खोल रुतते आणि कणा वाकतो. म्हणजे मध्यम बरी! स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेला प्रयोग २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही मध्यम कठीण गादीच सरस ठरली.

फोमची घनता काढता येते. २ मीटर लांब, १ मीटर रुंद, १० सेंटिमीटर जाड गादीचे घनफळ ०.२ घनमीटर. वस्तुमान ६.४ किलोग्रॅम भरले, तर घनता दर घनमीटरला ३२ किलोग्रॅम. एकाच प्रकारच्या फोममध्ये अधिक घनतेचा बहुधा अधिक टिकतो. कठीणपणा मात्र घनतेवरून कळत नाही. त्यासाठी आजोबांनाच दहा मिनिटे कुशीवर झोपवून पाहा. ‘ऑर्थोपेडिक’ हा छापील शब्द म्हणजे मोजमाप नव्हे.

माझे मत विचाराल, तर आधी घरची कापसाची गादी पाहा. कापूस दबला, की त्यातली हवा जाते. पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला, की ती पुन्हा भरते. सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम शोषणारा कापूस सुखाचाच. तेवढ्याने भागत नसेल, तरच दुकानाची पायरी चढा.