पैसे ‘फास्ट डिलिव्हरी’चे, पार्सल चौथ्या दिवशी: पेड मेंबरशिपचं गणित कुठे बिघडतंय?

वस्तू निवडताना स्क्रीनवर ‘उद्या मिळेल’ असं दिसतं. पैसे भरेपर्यंत तारीख परवाची होते. परवा संध्याकाळी ‘तुमच्या पार्सलला उशीर होत आहे’ असा मेसेज येतो आणि खोकं हातात पडतं ते चौथ्या दिवशी.

मोफत डिलिव्हरी घेणारा ग्राहक हे सोडून देईल. पण ज्यानं लवकर माल मिळावा म्हणूनच वर्षभराचे पैसे आधी मोजले आहेत, त्याचा प्रश्न साधा असतो: मग पैसे कशाचे घेतले?

सोशल मीडियावर पेड मेंबरशिपबद्दल अशा तक्रारी सतत दिसतात. फी वाढते, सोबतच्या सवलती कमी होतात आणि ‘फास्ट’ या शब्दाचा अर्थ हळूहळू बदलत जातो. हे नेमकं कसं घडतं, हे समजून घ्यायचं तर या मॉडेलची सुरुवात जिथे झाली तिथे, म्हणजे अमेरिकेत जावं लागेल.

सुरुवात कशी झाली?

फेब्रुवारी २००५ मध्ये ॲमेझॉननं अमेरिकेत ‘प्राइम’ सुरू केलं. वर्षाला ७९ डॉलर भरा आणि दोन दिवसांत मोफत डिलिव्हरी घ्या, इतकी सरळ ही योजना होती. २०१४ मध्ये फी ९९ डॉलर झाली, २०१८ मध्ये ११९ आणि २०२२ मध्ये १३९ डॉलर.

भारतात प्राइम आलं जुलै २०१६ मध्ये. सुरुवातीची वार्षिक फी ४९९ रुपये होती. पुढे ती ९९९ झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये थेट १,४९९ रुपयांवर गेली. त्यानंतर कमी फीच्या आणि कमी सुविधांच्या आवृत्त्याही आल्या.

यात कंपनीचा फायदा फक्त फीपुरता नसतो. एकदा पैसे भरले की ग्राहकाला ते ‘वसूल’ करायचे असतात. चार्जर असो की चहाचा डबा, तो आधी तेच ॲप उघडतो आणि दुसरीकडे भाव बघायचं हळूहळू सोडून देतो. म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीनं ही डिलिव्हरीची फी असते, तर कंपनीच्या दृष्टीनं ती सवय लावण्याची किल्ली असते. सवय लागेपर्यंत डिलिव्हरी चोख ठेवावी लागते. सवय लागल्यावर तीच डिलिव्हरी कंपनीच्या हिशेबात फक्त खर्चाची बाब उरते.

‘दोन दिवसांत’ म्हणजे कधीपासून?

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत एकच ओळ असते. अटींमध्ये मात्र तिला बरेच फाटे फुटलेले असतात.

पहिली अट वस्तूची. ही सुविधा सगळ्या मालाला लागू नसते, ठरावीक मालालाच असते. एखादा विक्रेता स्वतःच्या गोदामातून माल पाठवत असेल, तर मेंबर असूनही वेळ लागू शकतो.

दुसरी अट पिनकोडची. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डिलिव्हरी निवडक भागांतच मिळते. गोदाम जवळ आहे का, तो माल त्या गोदामात आहे का, यावर सगळं अवलंबून असतं.

तिसरी अट मोजणीची. ‘टू-डे शिपिंग’ ही अमेरिकेतली जुनी कल्पना माल गोदामातून निघाल्यापासूनचे दोन दिवस मोजायची. ग्राहक मात्र ‘ऑर्डर करा’चं बटण दाबल्यापासून दिवस मोजतो. माल निघायलाच दोन दिवस लागले, तर कंपनीच्या लेखी उशीर झालेला नसतो आणि ग्राहकाच्या लेखी झालेला असतो.

शिवाय दाखवलेली तारीख बहुतेक वेळा ‘अंदाजे’ असते. म्हणजे ग्राहकानं ज्याला वचन समजून पैसे मोजले, ते कागदावर फार तर अंदाज असतं.

कंपनी म्हणते वेग वाढला, मग तक्रारी का?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

ॲमेझॉननं २०२३ मध्ये अमेरिकेतलं एकसंध राष्ट्रीय जाळं मोडून आठ विभाग केले. ग्राहकाच्या जवळच्या गोदामातूनच जास्तीत जास्त माल जावा, हा त्यामागचा उद्देश होता. त्या वर्षी प्राइम मेंबरना जगभरात ७ अब्जांहून अधिक वस्तू त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळाल्या आणि आजवरचा हा सर्वाधिक वेग आहे, असं कंपनीनं सांगितलं.

पण सरासरी फसवी असते. दाट वस्तीच्या शहरात, गोदामापासून काही किलोमीटरवर राहणाऱ्याला सकाळची ऑर्डर संध्याकाळी मिळते. लांबच्या गावात तीच कंपनी चार-पाच दिवस घेते. दोघांची बेरीज करून भागाकार केला की आकडा छान दिसतो. लांबच्या गावातल्या माणसाला त्या छान आकड्याचा काहीच उपयोग नसतो. फी मात्र दोघांनी सारखीच भरलेली असते.

दोन पिनकोडचं प्रकरण काय आहे?

हा मुद्दा अमेरिकेच्या राजधानीत थेट कोर्टात गेला. डिसेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टन डीसीचे ॲटर्नी जनरल ब्रायन श्वाल्ब यांनी ॲमेझॉनवर खटला दाखल केला. शहरातल्या २००१९ आणि २००२० या दोन पिनकोडना कंपनीनं २०२२ पासून गुपचूप जलद डिलिव्हरीतून वगळलं, असा त्यात आरोप आहे. ॲनाकोस्टिया नदीच्या पूर्वेला असलेला हा भाग प्रामुख्यानं कृष्णवर्णीयांचा आणि शहराच्या तुलनेत गरीब मानला जातो. इथे सुमारे ५० हजार प्राइम मेंबर होते.

आरोपानुसार, या भागात कंपनीनं स्वतःच्या गाड्या पाठवणं थांबवलं आणि पार्सलं बाहेरच्या कुरिअर व टपाल सेवेकडे सोपवली. २०२१ मध्ये इथली ७२ टक्क्यांहून अधिक पार्सलं दोन दिवसांत पोहोचत होती, २०२३ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर आलं, असं तक्रारीत म्हटलं आहे. शहराच्या उरलेल्या भागात त्याच वर्षी चारपैकी साधारण तीन पार्सलं दोन दिवसांत मिळत होती.

कंपनीनं आरोप फेटाळले. या भागात डिलिव्हरी करणाऱ्यांवर हल्ले झाले होते, त्यांच्या सुरक्षेसाठी हा बदल केला, असं तिचं म्हणणं होतं. ऑर्डर करताना डिलिव्हरीची तारीख दिसतेच, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्नच नाही, अशीही भूमिका तिनं मांडली.

डिलिव्हरी करणाऱ्या माणसाचा जीव पार्सलपेक्षा मोलाचा आहे, यात वाद नाही. प्रश्न वेगळाच आहे. या भागात सेवा कमी मिळेल, हे मेंबरला सांगितलं होतं का? आणि फी कमी केली होती का? ऑर्डर करताना तारीख दिसते हे खरं, पण तोवर वर्षाची फी भरून झालेली असते.

फक्त वेगाचाच प्रश्न आहे का?

नाही. मेंबरशिपमध्ये आधी ज्या गोष्टी धरलेल्या असतात, त्या एकेक करून बाहेर काढल्या जातात आणि मग त्यांचेच वेगळे पैसे लागतात.

प्राइम व्हिडिओवर अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर महिन्याला २.९९ डॉलर जास्त भरा, असा पर्याय देण्यात आला. भारतात जून २०२५ मध्ये तेच झालं. इथे जाहिरातमुक्त व्हिडिओसाठी वर्षाला ६९९ रुपये वेगळे ठरले. काल जे १,४९९ मध्ये मिळत होतं, तेच हवं असेल तर आता जवळपास २,२०० रुपये लागतात.

खाणं घरपोच देणाऱ्या ॲपवरही हाच प्रकार दिसतो. स्विगी आणि झोमॅटोनं २०२३ मध्ये २ रुपयांपासून ‘प्लॅटफॉर्म फी’ सुरू केली. पुढे ती वाढत गेली आणि ती मेंबरनाही भरावी लागते. मे २०२५ मध्ये पावसाच्या वेळचं जादा शुल्कही मेंबरकडून घेतलं जाऊ लागलं. पावसात डिलिव्हरी करणाऱ्याला जास्त पैसे मिळायलाच हवेत. पण ‘मोफत डिलिव्हरी’ची मेंबरशिप विकून झाल्यावर मधेच नियम बदलला, तर ग्राहकाला फसल्यासारखं वाटणारच.

कंपन्यांचीही बाजू आहे. इंधन, पगार, गोदामांची भाडी, सगळं वाढलं. सुरुवातीची फी ग्राहक जोडण्यासाठी मुद्दाम कमी ठेवलेली असते आणि ती कधीतरी वाढणारच. मेंबरशिपमध्ये व्हिडिओ, गाणी अशा गोष्टी पुढे जोडल्या गेल्या, हेही खरं आहे. मात्र ज्याला फक्त पार्सल वेळेवर हवं होतं, त्याला या जोडणीचा उपयोग किती?

मग लोक मेंबरशिप सोडत का नाहीत?

एक कारण मानसिक आहे. ‘पैसे भरलेत, तर वापरून घेऊ’ या विचारात वर्ष निघून जातं. दुसरं कारण ऑटो-रिन्यूअल. मुदत संपते, पैसे आपोआप कापले जातात आणि लक्षात येईपर्यंत नवं वर्ष सुरू झालेलं असतं.

तिसरं कारण म्हणजे बाहेर पडण्याची वाट अवघड करून ठेवणं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर नेमका हाच आरोप केला. लोकांना नकळत प्राइममध्ये ओढलं गेलं आणि रद्द करण्याची प्रक्रिया जाणूनबुजून किचकट ठेवली, असं तक्रारीत म्हटलं होतं. रद्द करण्याच्या या प्रक्रियेला कंपनीत ‘इलियड’ म्हटलं जायचं, असंही त्यातून समोर आलं. इलियड म्हणजे ट्रॉयच्या लांबलचक युद्धावरचं होमरचं महाकाव्य!

सप्टेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण २.५ अब्ज डॉलरला मिटलं. त्यात १ अब्ज डॉलर दंड, तर १.५ अब्ज डॉलर सुमारे ३.५ कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते. कंपनीनं चूक मान्य केली नाही. पण मेंबरशिप नाकारण्याचं बटण स्पष्ट ठेवणं आणि रद्द करण्याची पद्धत सोपी करणं तिला बंधनकारक झालं.

भारतात कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कबूल केलेली सेवा नीट न देणं ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरू शकते. दिशाभूल करणारी जाहिरातही याच कायद्याखाली येते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. डार्क पॅटर्न म्हणजे ग्राहकाची दिशाभूल होईल अशी ॲपची किंवा वेबसाइटची रचना. यादीत असे १३ प्रकार आहेत. मेंबरशिप रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणारा ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ त्यात आहे. सुरुवातीला एक किंमत दाखवून शेवटी शुल्कं वाढवत नेणारं ‘ड्रिप प्रायसिंग’ही आहे.

एक पोकळी मात्र राहते. ‘तुमच्या पिनकोडवर आमचं पार्सल साधारण किती दिवसांत पोहोचतं’ हा आकडा फी घेण्याआधी दाखवायलाच हवा, असं या १३ प्रकारांत कुठे म्हटलेलं नाही. मुंबईच्या उपनगरात राहणारा आणि गडचिरोलीच्या गावात राहणारा दोघंही वर्षाचे १,४९९ रुपयेच भरतात. पण दोघांना मिळणारी वस्तू एकच नसते.

ग्राहकानं काय करावं?

आधी हिशेब करावा. समजा, मेंबरशिप नसताना एका पार्सलला ४० रुपये डिलिव्हरी चार्ज पडतो. तर १,४९९ रुपये वसूल व्हायला वर्षाला ३८ ऑर्डर लागतात. ठरावीक रकमेच्या वरच्या ऑर्डरना तसाही चार्ज लागत नसेल, तर त्या यातून वजा करायच्या. गेल्या वर्षीच्या ऑर्डर ॲपमध्येच सापडतात. त्या मोजाव्यात आणि कबूल तारखेला किती आल्या तेही बघावं.

दुसरं, ऑटो-रिन्यूअल बंद ठेवावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डवरून असे ठरावीक मुदतीचे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते आणि ते थांबवण्याची सोय असावी लागते. यूपीआय वापरणाऱ्यांना ॲपमधल्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन मंजुरी रद्द करता येते.

तिसरं, पुरावा ठेवावा. ऑर्डर करताना दिसलेल्या तारखेचा स्क्रीनशॉट नसेल, तर नंतर ‘अंदाजे’ हा शब्द पुढे केला जातो. कस्टमर केअरनं दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. ग्राहक जिथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क लागत नाही.

एका उशिरा आलेल्या पार्सलसाठी आयोगात जायला फारसं कुणी तयार होत नाही, आणि कंपन्यांनाही ते माहीत असतं. म्हणूनच रिन्यूअलची तारीख हाच ग्राहकाच्या हातातला खरा लगाम आहे. वर्षातून एकदा ती येते. त्या दिवशी पैसे आपोआप जाऊ द्यायचे की हिशेब बघून ठरवायचं, हे मात्र कंपनी ठरवू शकत नाही.