टकटक ऐका, पण आपल्याच मशीनवर

कर्जत-खालापूर भागात टायपिंग शिकणाऱ्या मुलामुलींना आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. लॅपटॉपच्या मुक्या कीबोर्डला मेकॅनिकल कीबोर्डचा खणखणीत आवाज देणारे प्रोग्राम हल्ली फुकट मिळतात. मेकव्हाइब्ज त्यातलाच एक. लिनक्सवर बकलस्प्रिंग आहे. त्यात आयबीएमच्या जुन्या ‘मॉडेल एम’ कीबोर्डचे आवाज रेकॉर्ड करून भरले आहेत. बटण दाबलं की स्पीकरमधून टक्क!

ज्यांना हा आवाज आवडतो त्यांना मी नावं ठेवणार नाही. टंकयंत्राच्या क्लासमध्ये सगळी मशीनं एकदम चालायची. खिळा कागदावर आपटायचा, ओळ संपत आली की घंटी वाजायची, मग डाव्या हाताने दांडा ढकलून कॅरेज मागे आणायचं. त्या गलक्यातही कोणाची करंगळी अडखळतेय ते सर खुर्चीत बसून ओळखायचे. वेग म्हणजे घाई नव्हे, प्रत्येक बोट सारख्या अंतराने पडणं, हे तिथे कानाने शिकता यायचं. आता राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षा संगणकावर होते आणि लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतोच. लय बसवण्यासाठी घरी आवाज लावून सराव करायला काहीच हरकत नाही.

फक्त इअरफोन वायरचा घ्या. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो. बोट पुढच्या अक्षरावर गेलेलं असतं आणि कानात मागचं अक्षर वाजतं, त्याने लय उलट बिघडते. शिवाय चुकीच्या बटणालाही तसाच टक्क येतो, त्यामुळे चुका डोळ्यांनीच तपासाव्या लागतील. परीक्षा जवळ आली की आवाज बंद करा, तिथे तो मिळणार नाही.

आता मुख्य मुद्दा. कोणतं बटण दाबलं हे कळल्याशिवाय असा आवाजाचा प्रोग्राम आवाज काढूच शकत नाही. तुम्ही वर्डमध्ये असा, बँकेच्या पानावर असा की पासवर्ड टाकत असा, पाठीमागे बसून तो कीबोर्डवर लक्ष ठेवून असतो. चांगला प्रोग्राम आवाज काढतो आणि विसरून जातो. वाईट माणसाने बनवलेला प्रोग्राम तीच बटणं लिहून ठेवून बाहेर पाठवू शकतो, आणि आवाज दोघांचा सारखाच येतो. मॅकवर अशा प्रोग्रामला आधी तुमची परवानगी मागावी लागते. विंडोजवर तसा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, आणि आपल्याकडे बहुतेक मशीनं विंडोजचीच.

म्हणून व्हॉट्सअॅपवर कोणी पाठवलेली किंवा व्हिडिओखालच्या लिंकवरची फाइल उघडू नका. मेकव्हाइब्ज आणि बकलस्प्रिंग यांचा कोड सर्वांना पाहायला खुला आहे, पण तेही त्यांच्या मूळ जागेवरूनच उतरवा. बँकेचं काम करण्याआधी प्रोग्राम पूर्ण बंद करा. नुसता आवाज शून्यावर नेला तरी तो बटणं बघत असतो. ज्यांना रोज आठ-आठ तास टाइप करायचं आहे त्यांनी शक्य असेल तर सरळ खरा मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा. त्याचा आवाज बटणातूनच येतो, कुठलाही प्रोग्राम लागत नाही. पहाटेच्या कर्जत किंवा खोपोली लोकलमध्ये मात्र दोन्ही नकोत, शेजारचा माणूस झोपलेला असतो.

सेवा केंद्राचं आणि सायबर कॅफेचं मशीन ही वेगळीच जबाबदारी आहे. कशेळे, कडाव, चौककडून माणूस उत्पन्नाच्या नाहीतर जातीच्या दाखल्यासाठी येतो. एखादी कातकरी बाई दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. ती आधार कार्ड तुमच्या हातात देते, मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवते आणि तुम्ही तो टाइप करता. मशीनमध्ये काय काय भरलं आहे हे ती विचारू शकत नाही, तो विश्वास तिने तुमच्यावर टाकलेला असतो. तिथे आवाजाची हौस नको, प्रोग्राम कितीही चांगला असला तरी. कामाला ठेवलेल्या मुलाने गंमत म्हणून काही टाकलं असेल, तर आज दुकान उघडल्यावर ‘प्रोग्राम्स’ची यादी बघा, अनोळखी दिसेल ते काढून टाका आणि त्या मशीनवरचे सगळे पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या मशीनवरून बदला.