पाण्याची बातमी कोण लिहितो?

महाडच्या क्रांतिभूमीस वंदन करण्यासाठी मुंबई-ठाण्याहून निघणारे आपले लोक पनवेलजवळील पळस्पे फाट्यावर गोव्याच्या रस्त्यास लागतात. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हा इतिहास आपल्या मुलांस तोंडपाठ आहे आणि तो असावाच. परंतु, वाचकहो, ज्या पनवेल तालुक्यातून आपली गाडी पुढे जाते, त्याच तालुक्यातील कासाडी नदीच्या पाण्याचे काय झाले, हे आपणांपैकी किती जण सांगू शकतील?

तळोजे औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने ही नदी नासली. नदीतील मासळी गेली, असे तेथील कोळी बांधव ओरडून सांगत होते. त्यांच्या ओरडण्याची बातमी फार दूर गेली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये मात्र तळोज्यातील भटक्या कुत्र्यांचे अंग रंगाच्या कारखान्यातील द्रव्याने निळे झाले आणि त्यांची छायाचित्रे जगभर छापून आली. मुक्या जनावरांविषयी करुणा वाटणे धम्मास धरूनच आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण कुत्रे निळे होईपर्यंत माणसाची दाद लागू नये, याला काय म्हणावे? त्या वसाहतीत पाळीवर जाणारे, तिच्या वाऱ्यावर श्वास घेणारे मजूर कोणत्या वस्त्यांत राहतात, हे आपणांस सांगावयास नको.

पाण्याच्या लढ्यास स्वतःचे वृत्तपत्र लागते, हे बाबासाहेबांनी प्रथमपासून ओळखले होते. महाडची परिषद होऊन पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक निघाले. त्यापूर्वी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. जो पाणी अडवतो त्याच्याच छापखान्यातून पाण्याची खरी हकीकत बाहेर पडेल, अशी आशा धरणे व्यर्थ होते.

आजही ज्यांच्या जाहिरातींवर मोठी पत्रे चालतात त्यांच्याच कारखान्यांविषयी त्या पत्रांनी निर्भयपणे लिहावे, ही अपेक्षा फारशी फळत नाही. म्हणून काही थोड्या माणसांनी निराळी वाट धरली. पत्रकार पी. साईनाथ यांनी खेडोपाडी हिंडून दुष्काळ आणि दारिद्र्य यांवर वर्षानुवर्षे लिहिले. २००७ साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी मुंबईत ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, संक्षेपाने ‘पारी’, हा उपक्रम सुरू केला. त्यामागे नफा कमावणारी कंपनी नसून एक न्यास आहे. देणगीदारांचे पैसे, वार्ताहरांची पायपीट आणि अनेक स्वयंसेवक भाषांतरकारांचे श्रम यांवर हे काम उभे राहिले. मराठीची बाजू मेधा काळे यांनी सांभाळली. हवामानबदलावर या मंडळींनी २०१९-२० च्या सुमारास देशभरातून एक लेखमाला केली. तीत सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याची हकीकत काळे यांनीच लिहिली.

त्या लेखमालेची रीत बौद्ध कुटुंबांनी पाहण्यासारखी आहे. प्रथम शेतकऱ्यास, मेंढपाळास, कोळणीस विचारावयाचे: पाऊस पूर्वी केव्हा येई, आता केव्हा येतो, कोणते पीक गेले, कोणता मासा दिसेनासा झाला? मग त्या आठवणी शास्त्रज्ञांच्या आकड्यांशी ताडून पाहावयाच्या. आपण देवदेवतांचा त्याग केला आहे. गारपीट झाली तर दैवाचा कोप झाला, असे म्हणून आपणांस गप्प बसता येत नाही. कारणावाचून काहीही उत्पन्न होत नाही, ही तथागतांची शिकवण आपण स्वीकारली, तर कोरड्या विहिरीचेही कारण आपणच शोधले पाहिजे. पाण्यात थुंकू नये, असा नियम भिक्खूंस विनयात घालून दिलेला आहे. नदीत आम्ल सोडणाऱ्यास कोणता नियम लावावयाचा, हा प्रश्न विचारणे धम्माबाहेरचे कसे होईल?

याच मंडळींनी हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जमविलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा ठेवा लोकांपुढे आणण्याचे काम २०१७ पासून हाती घेतले. माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेबांवर गाइलेल्या ओव्या त्यांत आहेत. ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांचे शब्द नावानिशी नोंदले गेले, याचे मोल आपल्याइतके दुसऱ्या कोणास कळणार?

तरीही सगळाच कृतज्ञतेचा सूर लावणे आम्हांस बरे वाटत नाही. दुसऱ्याने आपली हकीकत लिहावी आणि आपण ती वाचावी, एवढ्यावर ‘मूकनायक’ थांबला नव्हता. ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांनी २०१९ साली वृत्तसंस्थांतील प्रमुख अधिकारपदांची पाहणी केली. १२१ पदांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींतील एकही व्यक्ती तेथे नव्हती. लहान आणि सद्हेतूने चालणाऱ्या संस्थांनाही हाच प्रश्न विचारावा लागेल: लेखात आमची विहीर आहे, पण संपादकाच्या मेजाशी आमची मुलगी आहे काय? आपली मुले वकील झाली, डॉक्टर झाली, कचेऱ्यांत गेली. वार्ताहर होण्यास मात्र आपणच त्यांस परावृत्त करतो, कारण त्यात पोट भरत नाही असे आपणांस वाटते. पगाराची ती भीती अगदीच खोटी नाही. म्हणूनच समाजाने वर्गणी काढताना विहार आणि जयंती यांबरोबर अशा एखाद्या मुलीच्या शिक्षणाचाही विचार करावा.

तोवर घरी बसूनही आरंभ करता येईल. आपल्या आजीस विचारा: गावी कोणत्या विहिरीवर तिला पोहरा टाकू देत नसत? ती विहीर कोणत्या महिन्यापर्यंत पुरे, आणि कोणत्या वर्षापासून आटू लागली? नदीच्या पाण्यास प्रथम वास केव्हा आला, आणि वरच्या अंगास तेव्हा काय उभे राहत होते? ती सांगेल ते तिच्याच बोलीत, गावाचे नाव आणि तारीख घालून, वहीत उतरवून घ्या.