प्रार्थनेची पारख पंक्तींत

ख्रिस्ती लोक रविवारीं उपासनेस जमतात, गातात, प्रार्थना करतात, हें आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. कोणी म्हणतात, "त्यांचा धर्म त्यांच्यापाशीं, आपल्याला त्याशीं काय करावयाचें?" आमचें म्हणणें असें कीं, शेजाऱ्याच्या घरीं चांगलें अवजार दिसलें तर शहाणा कुणबी त्याची जात विचारीत बसत नाहीं, तें हातांत घेऊन त्याची धार पाहतो.

यरुशलेमांतील पहिल्या ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्यांत मासे धरणारे होते. तिची रीत नव्या करारांत सांगितली आहे: एकत्र शिकावें, एकत्र भाकर मोडावी, एकत्र प्रार्थना करावी, ज्याच्यापाशीं जमीनजुमला असेल त्यानें तो विकून गरजवंतास द्यावें. तेथेंही तंटा झालाच. ग्रीक बोलणाऱ्या विधवांस रोजच्या वांटणींत डावलतात, अशी कुरकुर उठली. पुढाऱ्यांनीं ती दाबली नाहीं. लोकांकडून सात माणसें निवडवून वांटणीचें काम त्यांच्यावर सोंपविलें. जेथें विधवेची तक्रार ऐकली जाते, तेथली प्रार्थना खरी.

करिंथ शहरांत उलटा प्रकार झाला. प्रभुभोजनास जमलेले सुखवस्तु लोक आधींच खाऊनपिऊन घेत व गरीब उपाशी राहत. पौलानें पत्र धाडून त्यांस खडसावलें कीं, हें प्रभूचें भोजनच नव्हे. प्रार्थना चालू होती, पण पंक्ति फुटली होती.

हा रोग आमच्या देशांतही शिरला. गोव्यांत बामण व चारडी ख्रिस्त्यांच्या कोंफ्रारी, म्हणजे बंधुसभा, पिढ्यान्‌पिढ्या जातवार चालल्या. नांव बंधुतेचें आणि काम मानपानाचें! उलट, १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं 'देवाचा दरबार' उभारला, त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा ठेविली. तेव्हां दोष प्रार्थनेचा नव्हे, पंक्तिभेदाचा आहे.

आतां आपल्या घराकडे पाहूं. मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीरावांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापिला. निर्मिकाशीं बोलावयास दलाल नको, हें त्याचें पहिलें सांगणें. पुढें १८७७ च्या दुष्काळांत याच समाजानें धनकवडीस उपाशी मुलांसाठीं बालाश्रम चालविला. प्रार्थना व भाकर यांची अशी सांगड होती.

आज गांवोगांव मंडप पडतात, वर्गणी गोळा होते, भंडारे उठतात. पण कर्जानें खचलेल्या शेतकऱ्याच्या दारांत कोण जाऊन बसतो? त्यानें गळफास घेतल्यावर सारा गांव जमतो. तोच गांव आठ दिवस आधीं जमला असता तर?

म्हणून आमचें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस सांगणें आहे: आठवड्याची एक सांज राखून ठेवा. कुणबी, माळी, कुंभार, चांभार, महार, मांग, सारे बायकामुलांसह एका ओसरीवर बसा. आपल्या बोलींत निर्मिकाचें नांव घ्या. मग कोणाच्या घरीं काय अडलें तें विचारा, आणि एका पंक्तींत भाकरी खाऊन उठा. त्यास भटही लागत नाहीं, पाद्रीही लागत नाहीं. दक्षिणा तर नाहींच नाहीं.